झाडाऐवजी काय? भिंतीला भोक न पाडता करता येणारा ख्रिसमस ट्री

पारिजात

नाताळसाठी खरं सूचिपर्णी झाड किंवा प्लास्टिकचं घडीचं झाड न आणता स्वतः काही बनवायचं आहे. चित्रं भरपूर सापडतात, पण मापं कुणीच देत नाही, म्हणून हा धागा.

अटी अशा:
- सोफा आणि दार यांच्यामध्ये १ मीटर रुंद मोकळी भिंत आहे. तिच्यासमोर जमिनीवर जेमतेम ३० सेंमी जागा सोडता येईल.
- घर भाड्याचं आहे, त्यामुळे खिळा किंवा ड्रिल चालणार नाही.
- घरात दीड वर्षाचं मूल आहे आणि मांजरही.
- पुढच्या वर्षी पुन्हा वापरता यायला हवं आणि कपाटावर मावायला हवं.
- हातकरवत, कटर, साधं हँड ड्रिल आहे. सुतारकाम बेताचं येतं.

उंची साधारण पाच फूट दिसावी, दिवे हवेत, आणि दुरून पाहिल्यावर 'हे झाड आहे' असं कळावं. काय सुचवाल? आणि कुठे फसतं तेही सांगा.

---

ओळंबा

तुमच्या अटींना काठ्यांचं टांगतं झाड सगळ्यात जवळचं. आधी एक गोष्ट पक्की करू: डोळ्याला झाड दिसतं ते पानांमुळे नाही, तर खालून वर एकसारखं निमुळतं होत गेल्यामुळे आणि टोकाशी काहीतरी चमकणारं असल्यामुळे. तो उतार चुकला की कितीही सजावट केली तरी शिडी किंवा पडदाच दिसतो. म्हणून मापं काटेकोर हवीत.

९ काठ्या घ्या. लांबी ९०, ८०, ७०, ६०, ५०, ४०, ३०, २० आणि १० सेंमी, जाडी दीड ते दोन सेंमी. दोन काठ्यांमध्ये १५ सेंमी अंतर. म्हणजे काठ्यांचा भाग १२० सेंमी, वरचा फास आणि तारा धरून दीड मीटर, तुमचे पाच फूट. लांबी दर पायरीला सारखीच घटते आणि अंतरही सारखंच आहे, म्हणून दोन्ही बाजूंचे दोर सरळ रेषेत वर जातात. एखादी काठी ५ सेंमीने जास्त ठेवली की दोराला तिथे कोपरा पडतो आणि तो लगेच डोळ्यात खुपतो.

दोर: ३ ते ४ मिमी जाडीचा सुती, विणलेला. नायलॉनची गाठ गुळगुळीत काठीवरून घसरते आणि सुतळी वजनाने ताणली जाते, दोन्ही टाळा. लांबीचा हिशोब असा. प्रत्येक काठीच्या टोकापासून ४ सेंमी आत गाठ मारायची, तर एका बाजूचा तिरका दोर सुमारे १२७ सेंमी. २ सेंमी जाड काठीवरची एक गाठ १४-१५ सेंमी दोर खाते, ९ गाठींचे सुमारे १३०. वरचा फास आणि खालचं शेपूट मिळून ४०. एका बाजूला ३ मीटर झाले, म्हणून ६ मीटरचा एकच अखंड दोर घ्या आणि मधोमध दुमडा. दुमड म्हणजेच वरचा फास.

गाठ क्लोव्ह हिच: काठीला एक वेढा, मग पहिल्या वेढ्यावरून तिरकं जाऊन दुसरा वेढा, आणि टोक त्या दुसऱ्या वेढ्याखालून ओढून घ्यायचं. हिचा फायदा असा की ढिली करून सरकवता येते आणि ओढली की घट्ट बसते. साधी दुहेरी गाठ मारली तर नंतर समतल करताना प्रत्येक गाठ सोडावी लागेल.

क्रम महत्त्वाचा आहे. सगळ्या काठ्या जमिनीवर मांडा, मधली रेघ जुळवा, सगळ्यात वरच्या १० सेंमीच्या काठीपासून गाठी मारत खाली या. मग टांगा आणि पुन्हा वरूनच खाली समतल करत या. वरची काठी हलली की तिच्याखालच्या सगळ्या हलतात. खालून सुरुवात केली तर तेच काम तीन वेळा होतं.

काठ्या बागेतल्या छाटणीच्या असतील तर ओल्या वापरू नका. वाळताना लाकूड आकसतं, गाठी सैल होतात आणि नाताळच्या आधीच दोन-तीन काठ्या घसरून बसतात. सावलीत, हवा खेळेल अशा ठिकाणी तीन आठवडे तरी वाळू द्या. सुटणारी साल काढून टाका, किडे तिच्याखालीच असतात. वेळ नसेल तर तयार गोल दांडके आणा, फक्त ८० नंबरच्या पॉलिश पेपरने गाठीच्या जागा खरखरीत करून घ्या.

वजन: दोन सेंमीच्या वाळलेल्या हलक्या लाकडाच्या साडेचार मीटर काठ्या म्हणजे सुमारे ७०० ग्रॅम. दिवे आणि सजावट धरून दीड किलोच्या आत ठेवा.

---

मंददिवा

ओळंबा यांच्या मापावरच दिव्यांचा हिशोब देतो. नऊ काठ्यांची एकूण लांबी ४५० सेंमी. एका काठीवरून दुसरीवर नागमोडी उतरताना दर वेळी सुमारे १६ सेंमी, असे आठ उतार म्हणजे १२८. एकूण पावणेसहा मीटर. १० मीटरची, १०० दिव्यांची एलईडी माळ घेतली तर उरलेले चार मीटर काठ्यांना वेढे देण्यात जातात आणि दिवे दाट दिसतात. ५ मीटरची माळ पुरत नाही, शेवटच्या दोन काठ्या अंधारात राहतात.

माळ खालून वर चढवा. प्लग किंवा बॅटरीचा डबा खाली राहतो आणि वायर भिंतीवरून लोंबत नाही. पण घरात लहान मूल असल्याने तो डबा जमिनीवर नको. यूएसबीवर चालणारी माळ घ्या, वायर सगळ्यात खालच्या काठीच्या मागून सोफ्याच्या बाजूला न्या आणि पॉवर बँक किंवा अडॅप्टर सोफ्यामागे ठेवा. खाली लोंबणारा वायरचा एकही फास ठेवायचा नाही.

तांब्याच्या बारीक तारेच्या ज्या माळा मिळतात त्यांच्या तारेवर प्लास्टिक नसतं, पातळ लाखेचा थर असतो. खिळ्याच्या टोकावर, स्टेपलर पिनेवर किंवा पत्र्याच्या कडेवर घासून तो गेला आणि दोन तारा टेकल्या की माळेचा एक भाग किंवा सगळीच बंद पडते. ही माळ बांधायला दोरा वापरा, पिना नाहीत. पुठ्ठ्याच्या झाडाला लावताना भोकातून ओढू नका, भोकाची कड घासते.

जुन्या छोट्या बल्बच्या माळा घरात असतील तर त्या कागद, कापूस, वाळलेली पानं यांच्याजवळ लावू नयेत. १०० बल्बांची तशी माळ साधारण ४० वॉट घेते आणि त्यातला बहुतेक भाग उष्णता होऊन जातो. तेवढ्याच एलईडी दिव्यांना ५ ते ७ वॉट पुरतात. आणि कुठलीही माळ रिळावर गुंडाळलेली असताना तपासायला चालू करून विसरू नका, आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडायला वाट नसते.

रंग एकच ठेवा, उबदार पिवळसर पांढरा (डब्यावर २७०० ते ३००० K, म्हणजे केल्विन हे रंगछटेचं माप, लिहिलेलं असतं). पानं नसलेल्या झाडावर निळसर पांढरा दिवा दवाखान्यासारखा वाटतो. लुकलुकणारा मोडही नको, काठ्यांची रेषा स्थिर उजेडातच दिसते.

अवांतर: झाडावर विजेचे दिवे पहिल्यांदा लावले ते एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने, १८८२ मध्ये न्यूयॉर्कला. लाल, पांढरे, निळे असे ८० दिवे होते आणि झाड गोल फिरत होतं. म्हणजे 'पारंपरिक' म्हणतो त्यातलंही बरंच कुणीतरी कधीतरी नवीन करून पाहिलेलं आहे.

---

पारिजात

दोघांचेही आभार, हे अगदी हवं तसं आहे. दोन शंका. भिंतीला डिस्टेंपर आहे, त्यावर चिकटणारे हुक टिकतील का? आणि एकाच हुकवर टांगलं तर सगळं झाड गोल फिरणार नाही का? दार उघडलं की वारा थेट तिथेच येतो.

---

ओळंबा

डिस्टेंपरवर चिकटणारा हुक लावू नका. तो रंगाला धरतो, भिंतीला नाही, आणि डिस्टेंपरची भिंतीवरची पकड हुकच्या गोंदापेक्षा कमी असते. झाड खाली येतं ते रंगाची खपली घेऊन. चुन्याच्या भिंतीचंही तेच.

(ज्यांच्याकडे ऑइल पेंट, चांगला प्लास्टिक पेंट, टाइल किंवा लॅमिनेटचं कपाट आहे त्यांच्यासाठी: जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, साबणाच्या पाण्याने नाही, त्याचा थर राहतो. ३० सेकंद दाबून धरा, निदान तासभर थांबा आणि मग टांगा. पाकिटावर जेवढं वजन लिहिलंय त्याच्या निम्मं धरून चाला. काढताना पट्टी भिंतीला समांतर, सरळ खाली, सावकाश ओढायची. स्वतःकडे ओढली की रंग येतो.)

तुमच्यासाठी जमिनीपासून छतापर्यंत ताणून बसणारा स्प्रिंगचा किंवा आट्यांचा (स्क्रूसारखा फिरवून लांब होणारा) दांडा वापरा, दोन्ही टोकांना रबरी बूड असलेला. भिंतीला लागून उभा करा, वरच्या भागात एक हुक किंवा तारेचा फास घट्ट बसवा आणि झाड त्यावर टांगा. दांडा झाडाच्या मधोमध येतो, खोडासारखाच दिसतो. हवं तर त्याला तपकिरी कापड किंवा दोर गुंडाळा. तुमची दुसरी शंकाही इथेच मिटते: तीन-चार काठ्या मधोमध दांड्याला दोऱ्याने बांधल्या की झाड फिरत नाही.

दोन ठिकाणी हे फसतं. छत पीओपीचं खोटं छत असेल तर दांडा ताणू नका, ते वाकतं किंवा तडकतं. आणि दांडा तिरका बसला तर ताण एका कडेवर येऊन काही दिवसांत घसरतो, म्हणून ओळंबा (वजन बांधलेला दोरा) किंवा पाणसळ (स्पिरिट लेव्हल) लावून दोन दिशांनी तपासा. मूल लहान आहे तेव्हा दांडा खालच्या बाजूला सोफ्याच्या पायालाही बांधून टाका. ताणाच्या दांड्याला उभं वजन चालतं, तळाशी बसलेला आडवा धक्का चालत नाही.

---

रंधा

भिंत सोडून थोडं सुतारकाम करायची तयारी असेल तर सळईवर ओवलेल्या पट्ट्यांचं झाड बघा. दिसायला सगळ्यात देखणं, आणि पट्ट्या फिरवल्या की दरवेळी वेगळा आकार. वाचणाऱ्यांपैकी कुणाला जागा असेल तर पूर्ण कृती देतो, मग पारिजात यांच्या ३० सेंमीचं बघू.

सामान: ८ मिमी जाडीची आट्यांची सळई (थ्रेडेड रॉड) १ मीटर, २ × २ सेंमीची लाकडी पट्टी १० मीटर, तळाला २५ मिमी जाड ४० × ४० सेंमी फळी, २ नट, २ मोठे वॉशर, एक स्प्रिंग वॉशर.

पट्ट्या २४, लांबी ६० सेंमीपासून १४ सेंमीपर्यंत, दर वेळी २ सेंमी कमी. त्यांची बेरीज ८८८ सेंमी. दोन पट्ट्यांमध्ये २ सेंमीचा ठोकळा, तेही २४, म्हणजे ४८ सेंमी. करवतीच्या पात्यात दर कापाला ३ मिमी लाकूड जातं, ४८ कापांचे १४-१५ सेंमी धरा. साडेनऊ मीटर झाले, दहा आणा. उंची २४ × ४ = ९६ सेंमी, त्यात तळाची फळी, वॉशर आणि वरचा नट, सळई जेमतेम पुरते. पंचविसावी पट्टी घालायचा मोह झाला तर नट बसवायला आटेच उरणार नाहीत.

भोक ८.५ मिमीचं. बरोबर ८ चं पाडलं तर आट्यांवरून पट्टी फिरत नाही, ९ च्या पुढे गेलात तर डगडगते. प्रत्येक पट्टीचा मध्य लांबीत मोजून गुण्याने (काटकोनी मापाने) रेघ मारा, रुंदीचा मध्य वेगळा काढा. भोक एक मिलिमीटर सरकलं तरी एकट्या पट्टीत कळत नाही, पण चोवीस पट्ट्या चढल्या की झाडाची एक बाजू फुगलेली दिसते. हँड ड्रिल सरळ राहत नाही, म्हणून आधी एका जाड ठोकळ्यात काटकोनात भोक पाडून घ्या आणि तोच ठोकळा प्रत्येक पट्टीवर ठेवून त्यातून ड्रिल घाला.

ठोकळ्यांबाबत एक पक्का नियम: आधी भोक, मग काप. २ सेंमीचा ठोकळा कापून त्यात ८.५ चं भोक पाडायला गेलात तर भोवती सहा मिमीपेक्षाही कमी लाकूड उरतं, ते उभं चिरतं. लांब पट्टीवर २.३ सेंमी अंतराने भोकं पाडा आणि मग मधोमध कापत जा.

तळाच्या फळीला खालून नट आणि वॉशर लपेल एवढा १० मिमी खोल खड्डा घ्या, नाहीतर झाड नटावर उभं राहून डुलतं. मोठी पट्टी खाली, ठोकळा, पुढची पट्टी, असं चढवत जा. वर वॉशर, स्प्रिंग वॉशर, नट. स्प्रिंग वॉशर गाळू नका: कोरड्या हवेत ४८ तुकडे थोडे थोडे आकसले तरी एकूण उंचीत फरक पडतो आणि सगळ्या पट्ट्या सैल होऊन एका दिशेला घरंगळतात.

पिळाचा हिशोब: पट्टी दोन्ही बाजूंना सारखीच असल्याने तळापासून टोकापर्यंत अर्धी फेरी दिली की पूर्ण वळसा दिसतो. १८० ला २४ ने भागा, प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीपेक्षा साडेसात अंश पुढे. पूर्ण ३६० दिले तर आकार विस्कटलेला दिसतो.

आता पारिजात: सगळ्या पट्ट्या एकाच दिशेत, भिंतीला समांतर ठेवल्या तर झाड चपटं होतं आणि खोली फक्त तळाच्या फळीची लागते. फळी ३० × ५० सेंमी करा. पण दीड वर्षाच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर पट्ट्यांची टोकं येतात. टोकं पूर्ण गोल घासली तरी हे झाड मूल चार-पाच वर्षांचं होईपर्यंत टेबलावर किंवा उंच कपाटावरच बरं.

एक जुना पर्यायही इथे सांगण्यासारखा आहे. जर्मनीच्या एर्त्सगेबिर्गे डोंगराळ भागात झाडासोबत किंवा झाडाऐवजी लाकडी 'पिरॅमिड' ठेवतात: मजल्यामजल्यांचा लाकडी सांगाडा, मधे उभा आस, वर पंख्यासारखी पाती. खाली मेणबत्त्या लावल्या की गरम हवा वर जाऊन पाती फिरतात आणि त्यांच्यासोबत मजल्यांवरच्या बाहुल्याही. घरी करताना आसाचं खालचं टोक सुईसारखं टोकदार धातूचं हवं आणि ते काचेच्या किंवा धातूच्या गुळगुळीत खळग्यात टेकायला हवं, लाकडावर लाकूड फिरत नाही. एलईडी मेणबत्तीने हे चालत नाही, कारण तिला उष्णताच नसते. त्यामुळे लहान मूल आणि मांजर असलेल्या घरात हे नको.

---

कात्रणवही

पुठ्ठ्याचं झाड कुणीच सांगितलं नाही, आणि मुलाच्या दृष्टीने तेच सर्वात निर्धोक आहे. अंगावर पडलं तरी काही होत नाही.

नेहमीची पद्धत: पाच थरी पुठ्ठ्याचे १२० सेंमी उंच, तळाला ७० सेंमी रुंद असे दोन सारखे त्रिकोण (कडेला फांद्यांचे दाते हवे तर काढा). एकाला टोकापासून मध्यापर्यंत ६० सेंमी खाच, दुसऱ्याला तळापासून मध्यापर्यंत ६० सेंमी खाच. दोन्ही एकमेकांत उतरवले की अधिकच्या चिन्हासारखं उभं राहतं. खाचेची रुंदी पुठ्ठ्याच्या जाडीएवढीच, पट्टीने मोजून. जास्त झाली तर झाड कलतं, कमी झाली तर बसवताना कड चुरगळते. पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या उभ्या यायला हव्यात. आडव्या आल्या तर झाड आठवड्याभरात कमरेत वाकतं. बहुतेक पुठ्ठ्याची झाडं मरतात ती याच एका चुकीने.

पण याला सगळीकडून ७० सेंमी जागा लागते. तुमच्या ३० सेंमीसाठी अर्धं झाड करा: एक पूर्ण त्रिकोण भिंतीलगत, आणि त्याच्या मध्यरेषेवर काटकोनात पुढे येणारा २८ सेंमी खोल अर्धा त्रिकोण. इथे खाच चालत नाही. अर्ध्या त्रिकोणाच्या उभ्या कडेवर ६ सेंमी लांबीचे तीन कान ठेवा, पूर्ण त्रिकोणात तेवढ्याच तीन चिरा, कान मागून बाहेर काढून वळवा आणि कागदी टेपने चिकटवा. साठवताना टेप काढली की दोन्ही भाग सपाट.

रंग एकाच बाजूला दिला तर पुठ्ठा त्या बाजूला वळतो. दोन्ही बाजूंना, पातळ हात, मधे पूर्ण वाळू देऊन. खरं तर मूळ तपकिरी रंग आणि कडेने फक्त पांढरी रेघ जास्त शोभते.

टेबलावरचे कागदी शंकू हवे असतील तर एवढंच सूत्र: कागदाचा कोन = ३६० × तळाची त्रिज्या ÷ तिरकी उंची. तळाची त्रिज्या १० आणि तिरकी उंची ४० हवी तर ९० अंश, म्हणजे ४० सेंमी त्रिज्येच्या वर्तुळाचा बरोबर चतकोर, शिवाय चिकटवायला दीड सेंमी जास्त. अर्धवर्तुळ घेतलं की शंकू बसका होतो, टोपीसारखा. चतकोरच झाडासारखा दिसतो.

आणि काठ्यांच्या झाडावर टांगायला प्लास्टिकच्या गोळ्यांऐवजी फिनलंडमधलं हिम्मेली, म्हणजे काड दोऱ्यात ओवून केलेली भौमितिक आकाराची टांगती सजावट, करून बघा. तिकडे राय या धान्याच्या काडांपासून करतात, गव्हाचं पोकळ काड किंवा कागदी स्ट्रॉही चालतात. काड असेल तर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून मग कापा, कोरडं काड कात्रीखाली उभं फाटतं. अष्टफलकाला (आठ त्रिकोणी बाजूंच्या आकाराला) सारख्या लांबीचे १२ तुकडे लागतात, ५ सेंमीचे घ्या. चार तुकडे दोऱ्यात ओवून चौकोन बांधा. मग दोन तुकडे ओवून शेजारच्या दोन कोपऱ्यांवर त्रिकोण उभा करा, समोरच्या दोन कोपऱ्यांवर दुसरा, आणि दोन्हींची टोकं वर एकत्र बांधा. खालच्या बाजूला हेच पुन्हा. ४ + ४ + ४. लांबीत एक मिमीचा फरक असला तरी आकार पिळतो, म्हणून सगळे तुकडे एकाच मापाच्या तुकड्यावरून कापा, आधी कापलेल्यावरून पुढचा असं करत गेलात तर चूक वाढत जाते. वजन जवळजवळ शून्य, आणि माणूस शेजारून गेला तरी हवेने सावकाश फिरतं.

---

बीजांकुर

कुंडीतलं जिवंत झाड हा पर्यायही नोंदवून ठेवते, कारण पुष्कळजण 'खरं पण कापलेलं नाही' असं शोधतात.

नर्सरीत अरोकेरिया किंवा 'ख्रिसमस ट्री' म्हणून मिळतं ते मूळचं पॅसिफिकमधल्या नॉरफोक बेटावरचं. ते खरं पाइन नाही आणि त्याच्या फांद्या मऊ असतात. त्यावर कागदी चांदण्या, हिम्मेली, बारीक तारेचे दिवे एवढंच. काचेचा गोळा टांगला की फांदी वाकते, आणि बरेच दिवस वाकलेली राहिली तर तशीच राहते. तळाच्या फांद्या एकदा वाळून गळल्या की तिथे पुन्हा फुटत नाहीत, झाड कायमचं बोडकं दिसतं. कोरडी हवा, कमी उजेड आणि मातीचा गोळा पूर्ण सुकू देणं ही तीन कारणं. खिडकीजवळ ठेवा, आठवड्याला कुंडी पाव फेरी फिरवा, नाहीतर झाड उजेडाकडे कलतं. शेंडा कधीही छाटू नका.

कुंडीभोवती चमकीचा कागद असेल तर तो काढा किंवा तळाला भोकं पाडा. पाणी आत साचून मुळं कुजतात, आणि ते लक्षात येतं तेव्हा उशीर झालेला असतो. हिरवा रंग किंवा चमकी फवारलेलं रोप घेऊच नका.

थंड प्रदेशातलं स्प्रूस, फर यांचं कुंडीतलं झाड असेल तर घरात आठ-दहा दिवसांच्या वर ठेवू नये. उबेत ते झोपेतून जागं होतं, नवे कोंब फुटतात, आणि परत बाहेर थंडीत नेलं की ते करपतात.

शंकूच्या आकारात छाटलेली रोझमेरीही छान दिसते, पण तिला रोज सहा तास ऊन लागतं आणि पाणी बेताचंच. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात दोन आठवडे ठेवली तर भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) धरते. दिवसा बाहेर, संध्याकाळी आत, असं जमत असेल तरच.

पारिजात, ३० सेंमी जागा आणि मातीत हात घालणारं मूल, तुमच्यासाठी यंदा नको.

---

कुंपण

लहान मूल आणि मांजर यावर थोडं थेट लिहितो.

सर्वात आधी बटण-सेल. छोट्या चमकणाऱ्या चांदण्या, मेणबत्त्या, गाणी वाजवणारी खेळणी यांत नाण्यासारखा सेल असतो. मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजतं. झाकणाला स्क्रू नसलेली अशी कुठलीही वस्तू या वर्षी घरात आणू नका. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता दवाखाना गाठायचा.

मांजरासाठी धोका चमकीच्या झिरमिळ्यांचा. मांजर ती चघळते, गिळते, आणि लांब धागा आतड्यात अडकून आतडं गोळा होतं. दोरे, रिबनी, झिरमिळ्या सगळं बाद. ओळंबा यांच्या झाडाची दोराची खालची शेपटंही गाठीपासून १ सेंमीवर कापा.

उंची: दीड वर्षाच्या मुलाचा हात वर केल्यावर साधारण एक मीटरपर्यंत जातो, सोफ्यावर चढलं तर आणखी वर. म्हणून सगळ्यात खालची काठी जमिनीपासून ११० सेंमीवर, आणि झाड सोफ्यापेक्षा दाराच्या बाजूला सरकवलेलं. १५ ऐवजी १२ सेंमी अंतर घ्या, काठ्यांचा भाग ९६ सेंमीत बसतो, वरची काठी २०६ सेंमीवर येते. उतार बदलला तरी तो सगळीकडे सारखाच बदलतो, त्यामुळे रेषा सरळच राहते. दोर तेवढाच घ्या, उरेल तो कापा. उंची थोडी कमी भरेल, पण खालच्या मोकळ्या जागेमुळे एकूण पाच फुटांच्या वरच दिसेल.

त्या खालच्या मोकळ्या जागेत मुलासाठी फेल्टचं झाड लावा. ८० × ६० सेंमीचा जाडसर हिरवा फेल्ट त्रिकोणी कापायचा आणि फेल्टच्याच रंगीत चकत्यांना मागे वेल्क्रोची फक्त खरखरीत बाजू शिवायची. ती थेट फेल्टला धरते, मऊ बाजूची गरज नाही. पण फेल्ट लवदार हवा, इस्त्री केल्यासारखा कडक गुळगुळीत फेल्ट पकडत नाही, दुकानात वेल्क्रोचा तुकडा लावून बघा. वेल्क्रो चिकटवू नका, शिवा, चिकटवलेला पहिल्या दिवशी तोंडात जातो. चकत्या निदान ६ सेंमीच्या: टॉयलेट रोलच्या नळकांड्यातून जे पार होतं ते या वयाला घशात अडकण्याएवढं लहान समजायचं. फेल्टच्या वरच्या कडेला बाही शिवून त्यात काठी घाला आणि काठी त्याच ताणाच्या दांड्याला आखूड बांधा.

पुस्तकांच्या रचलेल्या झाडाची चित्रं फार फिरतात. त्याला ८०-१०० पुस्तकं लागतात, आतली पोकळी भरावी लागते, आणि खालचं एक ओढलं की सगळा ढीग अंगावर. रांगतं-चालतं मूल असलेल्या घरात विचारही करू नये.

---

पारिजात

ठरलं: ताणाचा दांडा, १२ सेंमी अंतराच्या नऊ काठ्या, यूएसबी माळ, हिम्मेली, आणि खाली फेल्टचं झाड. छत पक्कं आहे, खोटं नाही, ते तपासलं. शेवटचा प्रश्न: जानेवारीत काढताना गाठी सोडायच्या का? आणि वर तारा कशाचा, हलका आणि उठून दिसेल असा?

---

ओळंबा

गाठी सोडू नका. माळ आधी काढा, कारण ती गुंडाळ्यात दाबली गेली की तारेवरचा थर सोलतो. तिला पुठ्ठ्याच्या तुकड्याला दोन्ही टोकांना खाच पाडून त्यावर वेगळी गुंडाळा. मग झाड जमिनीवर आडवं ठेवून सगळ्यात खालच्या ९० सेंमीच्या काठीपासून वरच्या दिशेने गुंडाळत जा. सगळ्या लहान काठ्या मोठीच्या लांबीत मावतात आणि ९० सेंमीची एक मोळी होते, जुन्या चादरीत बांधून कपाटावर. पुढच्या वर्षी टांगल्यावर एकदा वरून खाली समतल करावं लागेल, दहा मिनिटांचं काम. मोळीत एक-दोन डांबरगोळ्या टाकायचा विचार असेल तर टाकू नका, मुलाच्या घरात त्या नकोत. काठ्या कोरड्या असतील तर गरजच नाही.

ताऱ्यासाठी ११ सेंमीच्या पाच आइस्क्रीमच्या काड्या. पाच टोकांची चांदणी पेन न उचलता काढतो त्याच क्रमाने काड्या एकमेकींवर ठेवा, टोकांना गोंद, आणि जिथे काड्या एकमेकींना छेदतात तिथे एक वरून, एक खालून, म्हणजे सपाट बसते. माळेचे शेवटचे पाच-सहा दिवे त्याच्या मागे दोऱ्याने बांधा, पुढे नाही. मागून भिंतीवर पडलेल्या उजेडात चांदणीची कड जास्त स्पष्ट दिसते.